जहाज दुरुस्त करणारा वेल्डर नेमकं काय करतो? हे काम इतकं जोखमीचं का आहे?

जहाज गोदीत शिरतं, मागचा दरवाजा बंद होतो आणि पंप पाणी उपसायला लागतात. काही तासांत ते अवाढव्य धूड ठोकळ्यांवर टेकतं आणि एरवी पाण्याखाली असणारा तळ उघडा पडतो. मुंबई बंदराच्या इंदिरा डॉकमधली ह्यूज ड्राय डॉक ही अशीच एक सुकी गोदी. लांबी सुमारे ३०५ मीटर, म्हणजे फुटबॉलची जवळपास तीन मैदानं एकापुढे एक ठेवावीत इतकी.

समुद्रात जाणाऱ्या मालवाहू जहाजाचा तळ साधारणपणे ५ वर्षांत किमान दोनदा तपासावा लागतो आणि दोन तपासण्यांमध्ये ३६ महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही. या तपासणीत जे सापडतं, त्यातलं बरंचसं काम वेल्डरच्या वाट्याला येतं.

पत्रा बदलतात म्हणजे काय?

खाऱ्या पाण्याने पोलाद गंजतं आणि पत्रा पातळ होतो. अल्ट्रासोनिक यंत्राने जाडी मोजली जाते. झीज ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली असेल, तर सर्व्हेअर तेवढ्या भागावर खडूने खूण करतो. तो भाग गॅस कटरने कापून काढतात आणि त्याच दर्जाचा, योग्य जाडीचा नवा तुकडा बसवतात.

तुकड्याचे कोपरे मुद्दाम गोलाकार ठेवतात. टोकदार कोपऱ्यात ताण साठतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. मग जुन्या पत्र्यावर नवा पत्रा ठिगळासारखा का लावत नाहीत? तसं करतात, पण सहसा तात्पुरता उपाय म्हणून. ठिगळाखालचा गंज दिसत नाही आणि तो थांबतही नाही.

जोड देताना अडचण कुठे येते?

वेल्डिंगची जागा गार होताना आकसते. नवा तुकडा चारही बाजूंनी जहाजाच्या जुन्या पत्र्यात अडकलेला असतो, त्याला आकसायला वावच नसतो. सलग एका दमात वेल्डिंग केलं, तर पत्रा वाकतो किंवा जोडात ताण कोंडला जातो. म्हणून कोणता जोड आधी, कोणता नंतर, कुठून कुठे जायचं, हा क्रम ठरलेला असतो. एका बाजूने वेल्डिंग झालं की अनेकदा दुसऱ्या बाजूने धातू खरवडून स्वच्छ करतात आणि तिथूनही जोड भरतात.

दुसरा शत्रू म्हणजे दमट हवा. रॉडच्या लेपात ओल शिरली, तर वितळलेल्या धातूत हायड्रोजन मिसळतो आणि जोडाला तडा जाऊ शकतो. हा तडा लगेच दिसेलच असं नाही, कधी तो एक-दोन दिवसांनी पडतो. त्यामुळे कमी हायड्रोजनचे रॉड वापरण्याआधी ओव्हनमध्ये साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला तापवतात आणि कामाच्या जागी गरम डब्यात ठेवतात. मुंबईच्या पावसाळ्यात हा नियम पाळणं किती गरजेचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

एका जोडाने जहाज तुटू शकतं?

१६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये ‘शेनेक्टडी’ हे नवंकोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला उभं असताना जवळपास दोन तुकड्यांत मोडलं. थंडीत ठिसूळ होणारं पोलाद, ताण साठणाऱ्या जागा आणि सदोष वेल्डिंग अशी कारणं त्यामागे होती.

रिव्हेट मारलेल्या जुन्या जहाजात तडा बहुतेक वेळा पत्र्याच्या कडेला येऊन थांबायचा. वेल्डिंगच्या जहाजात सगळा सांगाडा एकसंध असतो, त्यामुळे तडा पुढे धावत जाऊ शकतो. म्हणूनच आज महत्त्वाचे जोड नुसत्या डोळ्यांनी पाहून पास होत नाहीत. अल्ट्रासोनिक, एक्स-रे किंवा रंगद्रव्य वापरून त्यांची चाचणी होते.

यासाठी कुठली परीक्षा असते?

आयटीआयचा वेल्डर अभ्यासक्रम एका वर्षाचा असतो. पुढे अप्रेंटिसशिप करता येते. माझगाव डॉक, नौदलाची मुंबईतली गोदी किंवा वास्कोतलं गोवा शिपयार्ड अशा ठिकाणी हे काम चालतं.

पण जहाजाच्या सांगाड्याला हात लावण्याआधी वेगळी पात्रता चाचणी द्यावी लागते. ती इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या वर्गीकरण संस्थेच्या नियमांनुसार होते. आडवा, उभा, डोक्यावरचा अशा स्थितींमध्ये नमुना जोड करून दाखवायचा आणि तो वाकवून किंवा आतून तपासून बघितला जातो. ज्या पद्धतीत आणि स्थितीत पास झाला, त्या मर्यादेतच काम मिळतं. बरेच महिने ते काम केलं नाही, तर पात्रता संपू शकते. कारखान्यात पत्रा उलटवून सोयीचा करता येतो. दुरुस्तीत जहाज जागचं हलत नाही, वेल्डरलाच त्याच्या तळाखाली उताणं झोपावं लागतं.

सर्वांत मोठा धोका कोणता?

आग आणि बंदिस्त जागा. तेलाच्या टाकीत गाळाचा थर जरी उरला असेल, तरी उष्णतेने त्यातून ज्वलनशील वाफ निघते. गंजणाऱ्या बंद टाकीत ऑक्सिजन कमी झालेला असतो, कारण गंजच तो खातो. हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १९.५ टक्क्यांखाली गेला, तर आत जाणं असुरक्षित मानतात. आर्गॉनसारखा वायू हवेपेक्षा जड असतो, त्याला वासही नसतो. तो खाली साठला तर माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपू शकते.

म्हणून आत शिरण्याआधी काही गोष्टी झाल्याच पाहिजेत:

- गॅस तपासून दिलेलं प्रमाणपत्र आणि त्या दिवसाचा ‘हॉट वर्क’ परवाना
- हवा खेळती ठेवणारा पंखा आणि धूर बाहेर ओढणारी नळी
- भिंतीच्या पलीकडची पाहणी, कारण उष्णता पत्र्यातून पलीकडे जाते आणि तिथला रंग किंवा इन्सुलेशन पेटू शकतं
- बाहेर सतत उभा असलेला माणूस. आतला कोसळला, तर त्याने मदत बोलवायची, श्वसनयंत्राशिवाय स्वतः आत उडी घ्यायची नाही
- जेवणाच्या सुट्टीत गॅसच्या नळ्या टाकीबाहेर काढणं
- काम संपल्यावर किमान अर्धा तास आगीवर पहारा

धोका तिथेच संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. साधं फडकं तोंडाला बांधून हा धूर अडत नाही.

जहाज गोदीत उभं राहिलेला प्रत्येक दिवस मालकाला महाग पडतो. घाईचा दाब शेवटी टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या वेल्डरवर येतो आणि तो कंत्राटी असेल, तर ‘नाही’ म्हणणं आणखी अवघड होतं. पण सकाळी तपासलेली हवा दुपारी तशीच असेल याची खात्री नसते. काम थांबून पुन्हा सुरू झालं, की हवा पुन्हा तपासून घ्या, असं म्हणण्याचा हक्क आत शिरणाऱ्या प्रत्येकाला असायला हवा.