बाटलीवरची चुकलेली चिठ्ठी

गाय माजावर आली, की गावोगावी डॉक्टर द्रवनत्राचे भांडे घेऊन येतात आणि त्यातल्या एका बारीक कांडीने गाय भरवली जाते. उरुळीकांचनच्या 'बायफ'ने हे तंत्र शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. मात्र त्या कांडीचे मूळ गोठ्यात नाही, खुराड्यात आहे. ज्या पेशीवर हा शोध लागला, ती वळूची नव्हती, कोंबड्याची होती.

कोंबड्याचे वीर्य प्रयोगशाळेला सोयीचे. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथे बरोज आणि क्विन या दोघांनी १९३०च्या दशकात कोंबड्याच्या पाठीला व पोटाला हलके मालिश करून ते गोळा करण्याची रीत बसवली. एका वेळी मिळते अर्धा मिलिलिटर किंवा त्याहून कमी. पण मिलिलिटरमागे शुक्राणू असतात काही अब्ज.

लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये १९४८ साली ॲलन पार्क्स, ऑड्री स्मिथ आणि बावीस वर्षांचा ख्रिस्तोफर पोल्ज हे शुक्राणू गोठवून पुन्हा जिवंत करण्याच्या खटपटीत होते. संरक्षणासाठी त्यांनी फलशर्करेचे द्रावण वापरले. यश आले नाही. बाटल्या शीतकपाटात गेल्या. काही महिन्यांनी पोल्जने त्यातलीच एक काढून पुन्हा प्रयोग केला. उणे ७९ अंशांवर गोठलेले कोंबड्याचे शुक्राणू वितळताच पोहू लागले! साखर तीच, मग निकाल वेगळा का? फलशर्करेचे ताजे द्रावण केले, तर ते पूर्वीसारखेच निकामी. बाटलीत उरलेला थोडासा द्रव रसायनतज्ज्ञाकडे तपासायला दिला. त्यात साखर नव्हतीच. होते पाणी, ग्लिसरॉल आणि प्रथिन. ऊतींचे पातळ काप काचेला चिकटवण्यासाठी प्रयोगशाळेत अंड्याचा पांढरा बलक आणि ग्लिसरॉल यांचे मिश्रण ठेवलेले असते. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. ऑक्टोबर १९४९ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला. हा योगायोग पुढे पार्क्स यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितला. योगायोग खरा, पण उरलेला द्रव फेकून न देता तपासायला पाठवणे, हा काही योगायोग नव्हे.

ग्लिसरॉल करते काय? पाण्याचा बर्फ होऊ लागला, की उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात, पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि तिचे आवरण फाटते. ग्लिसरॉलमुळे बर्फ कमी होतो आणि क्षारांची तीव्रता आवाक्यात राहते. हे १९५३ मध्ये रक्तपेशींवर दाखवले त्याच संस्थेतल्या जेम्स लव्हलॉक यांनी. पृथ्वी हीच एक सजीव व्यवस्था आहे, असे पुढे मांडणारे ते हेच लव्हलॉक.

मग वळूच्या वीर्यावरही तीच युक्ती चालली. १९५३ मध्ये अमेरिकेत माणसाच्या गोठवलेल्या वीर्यापासून गर्भधारणा झाल्याची नोंद झाली. कोंबडा मात्र मागे राहिला. १९५१ मध्ये पोल्जने गोठवलेल्या वीर्यापासून अंडी फळवून दाखवली खरी, पण त्यासाठी ग्लिसरॉल आधी हळूहळू काढून टाकावे लागले. शुक्राणूला वाचवणारे हेच ग्लिसरॉल कोंबडीच्या अंडनलिकेत गर्भनिरोधकासारखे वागते.

दोष पेशीच्या घडणीतही आहे. वळूच्या शुक्राणूचे डोके चपटे, वल्ह्याच्या पात्यासारखे. कोंबड्याचा शुक्राणू म्हणजे बारीक सूत: लांबी सुमारे ९० ते १०० मायक्रॉन, जाडी जेमतेम अर्धा मायक्रॉन, आत पेशीद्रव जवळजवळ नाहीच. गोठताना त्याला सहज इजा होते. शिवाय गाईच्या बाबतीत शुक्राणूला काही तास तग धरला तरी पुरते. कोंबडीच्या शरीरात शुक्राणू साठवणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. त्यांत राहून तो दोन-तीन आठवडे रोजचे अंडे फळवतो. जायबंदी शुक्राणू त्या नळ्यांपर्यंत पोहोचतच नाही.

याची झळ कुणाला? फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. त्या व्यापारी जातीच्या होत्या. नवी पिले विकत मिळाली. पण जानेवारी २०२१ मध्ये हा रोग झाबुआत कडकनाथच्या फार्मवर पोहोचला. एखाद्या मुलखापुरती उरलेली देशी जात अशी गेली, तर ती हॅचरीत मिळणार नाही. पक्ष्याचे बलकाने भरलेले अंडे गोठवून ठेवता येत नाही, म्हणून मदार वीर्यावर. त्यातही एक मेख आहे. माणसात मुलगा की मुलगी हे बापाच्या शुक्राणूवर ठरते. पक्ष्यांत ते मादी ठरवते. मादीचे डब्ल्यू गुणसूत्र कोंबड्याच्या वीर्यात नसतेच. परक्या जातीच्या कोंबडीवर पिढ्यान्‌पिढ्या गोठवलेले वीर्य वापरले, तरी ते गुणसूत्र परकेच राहणार.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात ग्लिसरॉलऐवजी दुसरी रसायने वापरून देशी कोंबड्यांचे वीर्य गोठवण्याचे प्रयोग झाले आहेत. परदेशात भ्रूणातल्या आद्य जननपेशीच गोठवण्याचा मार्ग शोधला गेला. त्यात मादीचे गुणसूत्रही वाचते. टर्कीच्या मोठ्या फार्मवर मात्र अजूनही ताजेच वीर्य वापरतात, काढल्यापासून काही तासांच्या आत.