वर्गात न पटलेला प्रकल्प

माझ्या क्षेत्रातली ही गोष्ट एका वर्गात सुरू झाली. 1974 मध्ये बर्कलीला शिकणाऱ्या राल्फ मर्कल यांनी प्रकल्प सुचवला : कधीही न भेटलेल्या दोघांना, तिसरा सगळे ऐकत असतानाही, गुप्त किल्ली ठरवता येईल. प्राध्यापकांना तो पटला नाही. मर्कलनी तो अभ्यासक्रम सोडला, कल्पना सोडली नाही. लेख छापून यायला 1978 उजाडले. त्याआधी 1976 मध्येच डिफी आणि हेलमन यांची पद्धत प्रसिद्ध झाली होती. पुढे हेलमननीच त्या पद्धतीला मर्कल यांचेही नाव जोडावे, असे सुचवले.

मर्कल यांच्या 'मर्कल ट्री'मुळे अनेक संगणकांवर विखुरलेल्या माहितीत फेरफार झाला का, हे बोटाच्या ठशासारख्या छोट्या आकड्यावरून कळते. मी रोज वापरते ते गिट आणि बिटकॉइनही याच कल्पनेवर उभे आहे. म्हणून आपल्यातल्या शिक्षकांना विनंती : एखादे मूल अडखळत वेगळेच काही सांगू लागले, तर शेवटपर्यंत ऐका.