'बॉम्बे' रक्तगट आणि शुद्ध रक्ताचा दावा

१४ एप्रिलला रक्तदान शिबिर घेणे ही आता धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या वस्त्यांची रीतच झाली आहे. ध्वजारोहण, त्रिशरण-पंचशील आणि मग विहाराच्या ओट्यावर मांडलेल्या खाटा. काही वर्षांपूर्वी अशाच एका जयंतीनंतर आमचा एक कार्यकर्ता एका रुग्णासाठी बदली रक्त द्यायला गेला होता. रुग्णाच्या वयस्कर नातलगाने त्याला चहा पाजला, आभार मानले आणि हळूच विचारले, "पाव्हणं, आडनाव काय म्हणालात?" आडनाव कळल्यावर दुसरा प्रश्न आला, "म्हंजे तुमचंच रक्त चढवणार का?"

उत्तर होते, नाही. बदली रक्त रक्तकेंद्राच्या साठ्यात जाते आणि रुग्णाला साठ्यातली दुसरी पिशवी मिळते. त्या पिशवीवर नंबर असतो, गट असतो, तारखा असतात. दात्याचे नाव नसते, मग आडनाव कुठून असणार? म्हाताऱ्याला हे ऐकून हायसे वाटले की जास्तच काळजी लागली, ते आम्हाला आजवर कळलेले नाही.

हसून सोडून देण्यासारखा हा प्रश्न नाही. जातीचा सगळा डोलारा रक्ताच्या शुद्धतेवर उभा आहे. म्हणून रक्ताचा इतिहास आपण आपल्या बाजूने वाचला पाहिजे.

एका माणसाचे रक्त दुसऱ्याला दिले की कधी तो वाचतो, कधी मरतो. हे का होते, ते शतकानुशतके कुणाला सांगता येत नव्हते. १९०० - ०१ मध्ये व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी सहकाऱ्यांच्या रक्तातला द्रव आणि पेशी एकमेकांत मिसळून पाहिल्या. काही मिश्रणांत गुठळ्या झाल्या, काहींत झाल्या नाहीत. त्यातून रक्तगट सापडले आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मारणारी गोष्ट गट होती. वंश, धर्म, कुळ यांचा तिथे संबंध नव्हता.

पण शोध लागला म्हणून समाज शहाणा होत नाही. पहिल्या महायुद्धात सलोनिका आघाडीवर लुडविक आणि हांका हिर्शफेल्ड या दांपत्याने अनेक देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले. त्यात भारतीय सैनिकही होते आणि त्यांच्यात बी गटाचे प्रमाण जास्त दिसले. १९१९ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर रक्तगटावरून वंश मोजण्याची टूम निघाली. खरे तर त्याच आकड्यांत दुसरी गोष्ट होती. सगळे गट सगळ्या लोकांत सापडत होते, फरक होता तो प्रमाणाचा.

अमेरिकेने तर कमाल केली. १९४१ मध्ये तिथल्या रेडक्रॉसने काळ्या लोकांचे रक्त घ्यायलाच नकार दिला. १९४२ पासून घेतले, पण वेगळे ठेवले. हा भेद १९५० पर्यंत चालला. रक्तद्रव साठवण्याची पद्धत उभी करणारे डॉ. चार्ल्स ड्र्यू स्वतः काळे होते! त्याच १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. वतन म्हणजे जन्मावरून गळ्यात अडकवलेले काम. तिकडे पिशवीवर जन्माचे लेबल, इकडे माणसावर.

शुद्ध रक्ताचा समाचार बाबासाहेबांनी त्याआधीच घेतला होता. १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन'मध्ये त्यांनी डॉ. भांडारकरांच्या संशोधनाचा आधार घेऊन सांगितले, की या देशात परकीय रक्त मिसळले नाही असा वर्ग सापडणे कठीण आहे. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकांची मापे घेतली आणि वंशवाद्यांच्याच पट्टीने वंशाचा सिद्धांत मोडला.

आणि मग १९५२ साल. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांच्यासमोर असे रक्त आले, जे तपासणीत ओ दिसत होते, पण ओ गटाच्या रक्ताशीही जुळत नव्हते. इंग्लंडमधल्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासोबत त्यांनी हे निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये मांडले. शहराचे नाव गटाला मिळाले, बॉम्बे रक्तगट. आपल्याकडे अंदाजे दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो, युरोपात दहा लाखांत एक.

यामागचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. लाल पेशीवर आधी 'एच' नावाचा पाया तयार होतो, त्यावर ए किंवा बी चढते. ओ गटात नुसता पाया राहतो. बॉम्बे गटात पायाच नसतो, म्हणून ए-बी चढायला जागा नाही आणि साध्या तपासणीत तो ओ भासतो. त्याच्या रक्तद्रवात मात्र एचच्या विरोधातली प्रतिद्रव्ये असतात. ओ गटाची पिशवी लावली, तर ती त्या पेशी फोडतात आणि रुग्ण जिवाला मुकू शकतो. म्हणून रक्तद्रव ओ पेशींशी ताडून पाहणे आणि क्रॉसमॅच करणे टाळून चालत नाही. तालुक्याच्या गावी घाईत "ओ आहे, कुणाचंही चालतं" असे कुणी म्हणाले, तर त्याला थांबवा.

अजून एक गोष्ट, विशेषतः आमच्या भगिनींसाठी. बॉम्बे गटाच्या माणसात ए किंवा बीचे जनुक लपलेले असू शकते. त्यामुळे नवरा-बायको दोघेही कागदावर ओ आणि मूल बी, असे घडू शकते. रिपोर्ट बघून बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणाऱ्यांनी आधी रक्त पुन्हा तपासावे.

हा गट आपल्याकडेच इतका का? आई आणि वडील दोघांकडून तेच अप्रकट जनुक आले, तरच मूल बॉम्बे गटाचे होते. दोघे वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता. जवळच्या नात्यात, त्याच त्या गोतात लग्ने होत राहिली की दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या बाबासाहेबांनी सांगितले होते, की जातीचे मर्म अंतर्विवाह आहे. २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीचा सहभाग असलेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले, की सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत इथले लोकसमूह एकमेकांत मिसळत होते आणि मग दारे बंद झाली. म्हणजे जातीने रक्त शुद्ध ठेवले नाही. तिने ते कोंडून ठेवले.

आता स्वतःच्या घराकडेही बघू. मामाची मुलगी करण्याची पद्धत धम्मदीक्षेनंतरही आपल्या घरांत सुटलेली नाही. पोटजात विचारणारे वधू-वर मेळावे आपलेही आहेत. विदर्भातल्या आपल्या बांधवांत सिकल सेल आहे. हे जनुक मलेरियाच्या प्रदेशांत टिकले, कारण वाहकाला ते मलेरियापासून काहीसे वाचवते. आफ्रिकेत आहे, भूमध्य समुद्राच्या काठी आहे. त्याला 'अमक्या जातीचा आजार' म्हणणे हा अडाणीपणा आहे. पण लग्नाआधी तपासणी टाळणे हाही अडाणीपणाच, मग तो आपला का असेना.

रक्ताच्या व्यवहारात गरिबाचे शोषण जातीइतकेच जुने. पैशासाठी रक्त विकणारे 'व्यावसायिक दाते' बहुतेक हातावर पोट असणारे होते. अशक्त शरीर, आजार लपवण्याची मजबुरी, त्यामुळे रुग्णही धोक्यात. 'कॉमन कॉज'च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ ला निकाल दिला आणि १९९८ पासून रक्तविक्री बंद झाली. आता रक्ताला किंमत नाही, प्रक्रियेचे शुल्क तेवढे घेता येते. थॅलेसेमिया, सिकल सेल, हिमोफिलियाच्या रुग्णांना तेही माफ आहे. कुणी मागितले, तर पावती मागा.

दात्याचेही हक्क आहेत, ते शिबिरात कुणी सांगत नाही. काय तपासणार ते आधी समजले पाहिजे, संमती घेतली पाहिजे. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया यांच्या तपासणीत काही निघाले, तर ते गुपचूप, समुपदेशनासह दात्यालाच सांगायचे असते, शिबिराच्या संयोजकाला नाही. आम्ही संयोजक म्हणून हे लिहीत आहोत. २०१७ च्या नियमांनी तृतीयपंथी व्यक्तींना रक्तदानापासून सरसकट वगळले आहे. त्याविरुद्ध २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. धोका वर्तनावरून ठरवावा की माणसाच्या ओळखीवरून, हा प्रश्न ज्यांच्या आजोबांना पाणवठ्यावर बंदी होती त्यांना समजावून सांगावा लागू नये.

आणि परत पाठवल्या जाणाऱ्या बायका. रक्त द्यायला हिमोग्लोबिन साडेबारा लागते. हा नियम दात्याच्याच भल्याचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी आहेत. ऊसतोडीहून परतलेल्या भूम-वाशीकडच्या बाया रांगेत उभ्या राहतात, बोटाला सुई टोचून घेतात आणि "ताई, तुमचं कमी हाय" ऐकून हसत बाजूला होतात. यंदा त्यांच्या नावांची आम्ही वेगळी वही केली. त्यांना लोहाच्या गोळ्या मिळाल्या की नाही, हे पाहायला पुढच्या महिन्यात गावोगाव जायचे आहे.