स्लाव भाषांतील तुर्की शब्द
पूर्व व आग्नेय यूरोपातील स्लाव भाषांनी तुर्की भाषाकुटुंबातून निरनिराळ्या काळी घेतलेले शब्द. तुर्कीमार्फत आलेल्या फार्सी व अरबी शब्दांचाही यांत समावेश करतात. एकच शब्द वेगवेगळ्या स्लाव भाषांत वेगवेगळ्या अर्थांनी रूढ झालेला आढळतो. तुर्कीभाषकांशी त्या त्या समाजाचा संबंध कोणत्या प्रकारचा होता, हे या अर्थभेदावरून पुष्कळदा लक्षात येते.

या शब्दांचे स्थूलमानाने तीन थर मानतात. पहिला थर ६८१ च्या सुमारास डॅन्यूबच्या दक्षिणेस राज्य स्थापणाऱ्या व पुढे स्लाव भाषा स्वीकारणाऱ्या बल्गार लोकांचा होय. दुसरा थर रशियन भाषेत ठळक आहे. तेराव्या शतकातील मंगोल स्वारीपासून १४८० पर्यंत रशियन राजे गोल्डन होर्डच्या खानांचे मांडलिक होते. साहजिकच ‘देन्गी’ (पैसे), ‘कझ्ना’ (खजिना) असे शब्द राज्यकारभार व व्यापार यांतून आले. ‘तम्गा’ म्हणजे शिक्का. त्यावरून ‘तामोझ्न्या’ (जकातघर) हा शब्द बनला. ‘यार्लिक’ म्हणजे खानाची सनद. आज त्याचा अर्थ मालावर लावलेली चिठ्ठी एवढाच उरला आहे.

तिसरा थर बाल्कन प्रदेशातील ऑटोमन सत्तेचा. येथे सहवास दीर्घ व दैनंदिन असल्याने ‘कोम्शिया’ (शेजारी), ‘चोर्बा’ (रस्सा) यांसारखे शब्द घरात व स्वयंपाकघरात शिरले. भाववाचक शब्दही त्यांतून सुटले नाहीत. तुर्कीत ‘मेराक’ म्हणजे कुतूहल वा काळजी. सर्बियनमध्ये तो रसिक आनंदाचा वाचक आहे, तर बल्गेरियनमध्ये उत्कट ओढीचा.

‘सराय’ हा मूळचा फार्सी शब्द अर्थभेदाचे उत्तम उदाहरण होय. गोल्डन होर्डच्या राजधानीचे नाव सराय असेच होते. बॉस्नियात त्याचा ‘वाडा, महाल’ हा अर्थ टिकला व सारायेव्हो हे नगरनाम त्यावरूनच पडले. रशियनमध्ये मात्र अर्थापकर्ष होऊन ‘सराय’ म्हणजे अडगळीची वखार ठरली. मराठीतील ‘सराई’ त्याच मुळाची. तसेच मराठीत ‘बगीचा’ झालेला फार्सी शब्द सर्बियनमध्ये ‘बाश्ता’ (बाग), तर रशियनमध्ये ‘बाख्चा’ (कलिंगडांचे शेत) झाला. ‘ओर्दू’ (लष्करी तळ) या तुर्की शब्दापासून पोलिशमध्ये ‘होर्दा’ (झुंड) व भारतात ‘उर्दू’ हे भाषानाम आले.

१८७८ मध्ये तुर्की सत्तेपासून मुक्तता झाल्यानंतर बल्गेरियन लेखकांनी अनेक तुर्की शब्द वगळून रशियन व प्राचीन स्लाव शब्द योजिले. तरीही वगळलेल्यांपैकी पुष्कळ शब्द बोलीत, विशेषतः थट्टा व जिव्हाळा व्यक्त करताना, टिकून राहिले. बॉस्नियात ते ग्रांथिक भाषेतही प्रतिष्ठित आहेत. अब्दुला श्काल्यिच यांच्या १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोशात सर्बो-क्रोएशियनमधील अशा आठ हजारांहून अधिक शब्दांची नोंद आहे.