खोलीही वाजते : लेण्याद्रीपासून घरच्या स्टिरिओपर्यंत

१/ आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या धारेवर आहुपे वसले आहे. तेथील कड्यावरून घातलेली साद १७० मीटरवरील कातळावर आपटली, तर सुमारे एका सेकंदाने परतते. साद आणि पडसाद कानाला वेगवेगळे कळतात. बंद खोलीत मात्र हाच पडसाद लपून बसतो.

२/ दहा फुटांवरील भिंतीपर्यंत जाऊन परतायला ध्वनीला सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ च्या प्रबंधात दाखवले, की इतक्या लगोलग आलेला पडसाद कान वेगळा धरत नाही. तो मूळ आवाजातच मिसळतो. म्हणूनच लहान खोलीत गाणे धूसर वाटले की दोष स्पीकरच्या माथी मारला जातो आणि पैसा नव्या स्पीकरवर खर्च होतो.

३/ याचे मोठे उदाहरण आहुप्याच्या पूर्वेस, जुन्नरजवळ आहे. लेण्याद्रीचे ७ क्रमांकाचे लेणे, म्हणजे आजचे गिरिजात्मजाचे मंदिर, मुळात बौद्ध विहार. मधे एकही खांब नाही, तीन बाजूंना २० खोल्या, सपाट छत आणि समोरासमोर कठीण भिंती. अशा जागेत ध्वनी भिंतींमध्ये पुन्हापुन्हा टोलवला जातो. आपली दिवाणखान्याची चौकटही नेमकी हीच.

४/ शेजारच्या ६ क्रमांकाच्या चैत्यगृहात खांबांच्या दोन रांगा आहेत, छत कमानदार असून त्यावर दगडातच कोरलेल्या फासळ्या आहेत. असे चढउतार ध्वनीला एकाच दिशेने परतू देत नाहीत, तो विखुरतो.

५/ मात्र येथे सावधगिरी हवी. या चैत्यगृहातील शिलालेख दाता म्हणून कल्याणच्या सुलसदत्ताचे नाव सांगतो. ध्वनीविषयी अवाक्षर काढत नाही. फासळ्या ही लाकडी बांधकामाची दगडातील नक्कल आहे. परिणाम दिसतो म्हणून हेतू सिद्ध होत नाही.

६/ हिशेब मांडला गेला तो १८९५ नंतर. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. तरुण प्राध्यापक वॉलेस सबाइन यांनी सँडर्स नाट्यगृहातील गाद्या रात्री तेथे आणून मांडल्या आणि ऑर्गनची नळी वाजवून, घड्याळ लावून नाद विरण्याचा काळ मोजला. निष्कर्ष सरळ होता : जागेचे घनफळ वाढले की नाद लांबतो, शोषणारे पृष्ठभाग वाढले की आखडतो.

७/ घरी हेच सूत्र लागू पडते. ऐकण्याच्या जागी बसावे आणि दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगावा. आरशात स्पीकर दिसेल ती पहिल्या परावर्तनाची जागा. तेथे भिंतीपासून थोडे अंतर सोडून जाड गोधडी टांगावी. समोर जमिनीवर सतरंजी किंवा जाजम, मागच्या भिंतीशी उंचसखल पुस्तकांचे कपाट. लेण्याद्रीच्या फासळ्यांचे काम ते कपाट करते.

८/ खर्ज मात्र गोधडीला दाद देत नाही. १२ फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतील स्वर घुमतात. खोली चौरस असेल तर दोन्ही दिशांचे घुमारे एकत्र येतात. पातळ फोम येथे निरुपयोगी. कोपऱ्यांत चार ते सहा इंच जाडीचे रॉकवुलचे, कापडाने मढवलेले फलक लागतात. त्याआधी बसण्याची जागा हातभर पुढेमागे करून पाहावी. त्याला खर्च नाही.

९/ सर्व भिंती मढवणेही चूक, कारण त्याने गाणे निर्जीव होते.

१०/ लेणी खोदणाऱ्याला पाषाण बदलता येत नव्हता, त्याच्या हाती फक्त आकार होता. सबाइन यांना इमारतीचा आकार बदलता येत नव्हता, त्यांनी पृष्ठभाग बदलले. भाड्याच्या खोलीत राहणारा श्रोता सबाइन यांच्याच परिस्थितीत असतो. नवा स्पीकर घेण्यापूर्वी त्याने गोधडी टांगून पाहावी.