वर्ध्याची शिक्षण परिषद आणि गुरुजींचे हात

आपल्या वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. मुलांच्या हाती प्रशस्तिपत्रे येतात, आईबापांचे डोळे पाणावतात, आणि हे सर्व योग्यच आहे. तथापि मंडपात बसलेल्या माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाच्या मनात एक प्रश्न उरतोच. गुण तर गुणपत्रिकेत दिसले. शील कोठे दिसते, आणि ते मुलांस शिकविले कोणी? ह्या प्रश्नाचा फार गंभीर विचार एके काळी आपल्याच जिल्ह्यात झाला. तो इतिहास नव्या पिढीस ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळील शेगाव या खेड्यात राहावयास आले. हेच खेडे पुढे सेवाग्राम झाले. १९३७ साली प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे आली, आणि खेड्यातील मुलांस कोणते शिक्षण द्यावे हा प्रश्न प्रत्यक्ष राज्यकारभाराचा झाला. त्यासाठी २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे मारवाडी विद्यालयात, म्हणजेच नवभारत विद्यालयात, परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. परिषदेने दिल्लीच्या जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हेच डॉ. हुसेन १९६७ साली राष्ट्रपती झाले. समितीत विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, श्रीकृष्णदास जाजू अशी मंडळी होती. अहवाल त्याच वर्षाच्या डिसेंबरात तयार झाला. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने योजनेस मान्यता दिली व ती चालविण्यास हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला.

योजना अशी होती : सात ते चौदा वर्षांच्या मुलांस सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हस्तव्यवसायाच्या द्वारे. शाळेच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे सूतकताईसारख्या उद्योगास, चाळीस मिनिटे मातृभाषेस, आणि चाळीस मिनिटे संगीत, चित्रकला व गणित यांस मिळून दिली होती. शिक्षकाचा पगार शक्य तर २५ रुपये असावा, २० रुपयांहून कमी मात्र कदापि नसावा, असेही समितीने सुचविले. त्याच अहवालात समितीने एक धोकाही स्पष्ट दाखविला. उत्पन्नावरच भर पडला तर शिक्षक मुलांच्या कष्टांतून अधिकाधिक काम पिळून काढण्याच्या मागे लागेल आणि शिक्षण बाजूस राहील. म्हणजे योजनेचे सारे यश एका माणसावर अवलंबून होते, आणि तो माणूस म्हणजे वर्गातील गुरुजी.

सेवाग्रामास ही कसोटी उतरली, कारण तेथील शिक्षक मुलांच्या पंक्तीत बसले. सिलोनचे आर्यनायकम् व त्यांच्या पत्नी आशादेवी शांतिनिकेतनचा अनुभव घेऊन येथे आले होते. कलाशिक्षक देवीप्रसादही १९४४ साली शांतिनिकेतनहूनच आले. कताई, भाजीपाला, स्वयंपाक आणि पायखानेसफाई ही कामे गुरुजी व मुले मिळून करीत. ज्या काळी मैला उचलण्याचे काम जन्माने एका जातीच्या माथी मारलेले होते, त्या काळी शिक्षकाने बादली हाती घेणे हाच मोठा पाठ होता. कोणतेही काम हलके नाही, हे त्यानंतर मुलांस वेगळे सांगावे लागत नसे.

पुढे योजना प्रांतोप्रांती पसरली. टकळी सर्वत्र पोहोचली, परंतु हा सहवास सर्वत्र पोहोचला नाही. पालकांस मुले नोकरीस लागावी असे वाटे आणि शिक्षकासही त्या सुतात जीव वाटेना. १९५९ साली तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा पुरस्कार केला, आणि तो आमच्या वेळापत्रकात एक तास होऊन बसला. सेवाग्रामात मात्र २००५ साली आनंद निकेतन शाळा नव्याने सुरू झाली, ही समाधानाची गोष्ट होय.

येथे माझ्या सेवाकाळातील एक गोष्ट कबूल करतो. कार्यानुभवाच्या तासास मी मुलांच्या हाती खराटे देई आणि स्वतः ओट्यावर खुर्ची टाकून हजेरीपट भरीत बसे. एके दिवशी मला यावयास उशीर झाला. पाहतो तो वर्गाचा मुख्य विद्यार्थी ओट्यावर हात मागे बांधून उभा, आणि लहान मुले त्याच्या हुकमाने अंगण झाडीत आहेत. बोट दाखविण्याची ढब थेट माझी. त्याला रागवावे असे क्षणभर वाटले. परंतु रागवावे कशाबद्दल? मी शिकविले तेच तो अचूक शिकला होता. श्रमप्रतिष्ठेवरील माझा निबंध त्याला तोंडपाठ होता, तो मात्र त्याच्या अंगी लागला नव्हता. मी मुकाट्याने एक खराटा उचलला. हे शहाणपण मला सेवेच्या विसाव्या वर्षी आले, आणि तोवर कित्येक मुले माझ्या हातून पुढे गेली होती, याची खंत आजही आहे.

मुले शिक्षकाचे शब्द लिहून घेतात आणि आचरण उचलतात. घरी आईबापांचेही तेच. म्हणून संघाच्या कार्यकर्त्यांस एक नम्र सूचना करतो. मेळाव्याच्या भोजनानंतर उष्ट्या पत्रावळी कोण उचलतो, हे आपली बक्षीसपात्र मुले दरवर्षी पाहत असतात. पुढील वर्षी ज्या हातांनी प्रशस्तिपत्रे वाटली जातील, त्याच हातांनी पंक्तीतील पत्रावळीही उचलाव्यात. मी वयाने थकलो असलो तरी पहिल्या पंक्तीस हजर राहीन.