इथेनॉलचा इतिहास: टाकी, पंप आणि इंजेक्टरच्या बाजूने

इथेनॉलच्या इतिहासावर काही वाचायला घेतलं की पहिल्या पानावर तेलाचे भाव असतात, दुसऱ्यावर सरकारी धोरण आणि तिसऱ्यावर ऊस. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण धोरण कागदावरून रस्त्यावर आलं ते एका छोट्या जागेतून: टाकी, पंप, नळी आणि जेट किंवा इंजेक्टर. या लेखात तोच इतिहास बघू. संशोधनाचा प्रश्न शोधणाऱ्यांना त्यातून एक वाट सापडेल असं मला वाटतं.

आधी थोडं गणित करू. 1 किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच असतो, त्यामुळे त्याला 9 किलो पुरते. म्हणजे इंजिनाने तेवढीच हवा ओढली तर इथेनॉल घनफळाने सुमारे दीडपट सोडावं लागतं. आता समजा एखाद्या ट्रकच्या इंजिनावर सुपरचार्जर बसवला आणि हवा दीडपट दाबून भरली. मग इंधन लागेल 1.5 × 1.5, म्हणजे मूळच्या सव्वादोन पट.

'मग पंपाचा दाब वाढवू की!' असं कोणी म्हणेल. तिथेच गंमत आहे. छिद्रातून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. सव्वादोन पट प्रवाह हवा असेल तर दाब जवळपास पाचपट करावा लागेल. शिवाय सुपरचार्जरने भरलेली हवा इंजेक्टरच्या तोंडाशी उलटा दाब देते. म्हणून इंजेक्टर मोठे, पंप जास्त प्रवाहाचा, नळ्या रुंद आणि मॅनिफोल्डच्या दाबाबरोबर इंधनाचा दाब वाढवणारा रेग्युलेटर, असा सगळा संच बदलावा लागतो. यातलं एकच काहीतरी बदललं तर भरपूर हवेत कमी इंधन जातं आणि पिस्टन जळायची वेळ येते.

एवढा खटाटोप कशासाठी? इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आहे आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. आत जाणारी हवा थंड होते, इंजिन ठोके देत नाही, म्हणून आणखी दाब देता येतो. ब्रिटिश अभियंता हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर कॉम्प्रेशन बदलता येणाऱ्या प्रयोगाच्या इंजिनावर वेगवेगळी इंधनं तपासली, तेव्हा अल्कोहोलचा हा गुण मोजून दाखवला. 1930च्या दशकात मर्सिडीजच्या सुपरचार्ज केलेल्या रेसच्या गाड्या अल्कोहोलमिश्रित इंधनावर धावत होत्या. अलीकडचं उदाहरण स्वीडनचं. कोनिगसेगची सीसीएक्स ही सुपरचार्ज केलेली गाडी पेट्रोलवर 806 अश्वशक्ती द्यायची. 2007 साली आलेल्या सीसीएक्सआर या इथेनॉलवर चालणाऱ्या आवृत्तीत ती 1018 झाली.

पण रेसची गाडी चार मेकॅनिक सांभाळतात. लाखो सामान्य लोकांच्या गाड्यांचं काय? याचं उत्तर ब्राझीलमध्ये सापडतं. 1973च्या तेलसंकटानंतर, नोव्हेंबर 1975 मध्ये तिथे प्रोआल्कोल कार्यक्रम सुरू झाला. साओ जोसे दोस काम्पोस इथल्या सरकारी वैमानिकी संशोधन केंद्रात उर्बानो एर्नेस्तो स्तुंफ यांच्या गटाने पेट्रोलची इंजिनं इथेनॉलवर चालवून दाखवली. 1979 मध्ये फियाट 147 ही फक्त इथेनॉलवर चालणारी गाडी कारखान्यातून बाहेर आली.

या गाड्यांमध्ये काय बदललं ते बघा. जेटची छिद्रं मोठी केली, कॉम्प्रेशन वाढवलं. तिथलं इथेनॉल पाणी असलेलं होतं आणि ते जस्ताच्या मिश्रधातूचे कार्ब्युरेटर खायचं, म्हणून त्यांना निकेलचा मुलामा द्यावा लागला. टाकीला आतून कथिलाचा थर दिला. इथेनॉलची थंडीत पुरेशी वाफ होत नाही, म्हणून इंजिन सुरू करण्यापुरती पेट्रोलची वेगळी छोटी टाकी बसवली. 2003 मध्ये फोक्सवॅगन गोल ही दोन्ही इंधनांवर चालणारी फ्लेक्स गाडी आली, तरी ती छोटी टाकी राहिलीच. ती काढून टाकणारी पोलो आली 2009 मध्ये.

या मधल्या काळात 1980च्या दशकाच्या मध्यावर ब्राझीलमधल्या दहापैकी नऊहून जास्त नव्या कार इथेनॉलच्या होत्या. मग 1989-90 मध्ये पंपावर इथेनॉलच मिळेना आणि ग्राहकांनी पाठ फिरवली. इथेनॉलसाठीच बनवलेली गाडी पेट्रोल भरून चालवायची सोय नव्हती. म्हणजे जी फ्युएल सिस्टीम तांत्रिक यश होती, तिनेच मालकाला अडकवलं. फ्लेक्स गाडीचं खरं काम होतं ग्राहकाला निवड परत देणं.

आता आपल्याकडे या. 2001 मध्ये 5 टक्के मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांपैकी दोन महाराष्ट्रात होते: मिरज आणि मनमाड. 20 टक्क्यांचं उद्दिष्ट आधी 2030 चं होतं, ते 2025 वर आणलं गेलं. नीती आयोगाच्या 2021च्या अहवालात म्हटलं आहे की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-10 साठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई-20 वर 6-7 टक्क्यांनी घटेल. हा आकडा स्वतः तपासा. लिटरमागे पेट्रोलची ऊर्जा साधारण 32 मेगाज्यूल, इथेनॉलची 21. 80:20 मिश्रणाची येते 29.8. घट झाली जवळपास 7 टक्के. त्याच अहवालात ई-10 साठी बनवलेल्या आणि ई-20 साठी जुळवलेल्या चारचाकींची घट मात्र 1-2 टक्के दिली आहे. एकच इंधन असताना एवढा फरक पडतो तो गाडीच्या रचनेमुळे आणि जुळवणीमुळे.

म्हणून 'इथेनॉल चांगलं की वाईट' हा प्रश्न संशोधनासाठी फार ढोबळ आहे. त्याऐवजी विचारा: नळ्या, सील आणि जुळवणी बदलण्याचा खर्च कोणत्या देशात, कोणत्या काळात कोणी उचलला? कंपनीने, सरकारने, की जुनी दुचाकी चालवणाऱ्या माणसाने? ब्राझीलमध्ये इथेनॉल पेट्रोलच्या 70 टक्क्यांहून स्वस्त असेल तरच भरायचं, हा हिशेब सामान्य ग्राहकालाही पाठ असतो, कारण तिथे पंपावर दोन पर्याय असतात. पर्याय नसेल तिथे हा हिशेब कोण करतं?

याची साधनं फक्त मंत्रालयाच्या दप्तरात मिळणार नाहीत. गाडीबरोबर येणारी माहितीपुस्तिका, सर्व्हिस मॅन्युअल, सुट्या भागांचे कॅटलॉग, गॅरेजच्या जुन्या बिलांच्या फायली, हीसुद्धा इतिहासाची कागदपत्रं आहेत. धोरण कधी जाहीर झालं ते राजपत्र सांगतं. ते रस्त्यावर कधी उतरलं, हे कदाचित एखाद्या रबरी नळीचा पार्ट नंबर कधी बदलला त्यावरून कळेल.